दिसलं ते नेमकं काय? वन्यप्राणी ओळखताना पुस्तकाची मदत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, नळदुर्गात राहून जंगली प्राण्यांचं पुस्तक कशाला? इथे काय ताडोबा आहे का? ताडोबा नाही, हे खरं. पण आपल्या गच्चीवरून एका बाजूला किल्ल्याचे बुरूज दिसतात आणि दुसऱ्या बाजूला शिवार सुरू होतं. ऊस आहे, तूर आहे, बोरीच्या काठची झाडी आहे आणि मग उघडा माळ. सोलापूरपासून धाराशिवपर्यंतचा हा माळ म्हणजे लांडगा, खोकड, कोल्हा, तरस, काळवीट यांचं जुनं घर. आपण इथे नंतर आलो.

शिवाय ओळखीचा प्रश्न आता सोसायटीच्या ग्रुपवरच येऊन बसलाय. रात्री साडेदहाला कुणीतरी अंधुक फोटो टाकतं, "बिबट्या आलाय, मुलांना बाहेर सोडू नका." पाच मिनिटांत तो फोटो दहा ग्रुपवर जातो. सकाळी कळतं की फोटो दुसऱ्याच जिल्ह्यातला होता, किंवा ते तरस होतं, किंवा शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं. मधल्या रात्रीत मात्र काठ्या-कुऱ्हाडी बाहेर आलेल्या असतात. म्हणजे नीट ओळखता येणं हा नुसता छंद नाही. कधी त्यावर एखाद्या जिवाचा जीव अवलंबून असतो, तर कधी एखाद्या मेंढपाळाची भरपाई. त्याकडे मी शेवटी येते.

फील्ड गाइड म्हणजे काय

प्राण्यांची माहिती देणारं पुस्तक वेगळं आणि प्राणी ओळखायला शिकवणारं पुस्तक वेगळं. दुसऱ्याला फील्ड गाइड म्हणतात. आपण त्याला ओळखपुस्तक म्हणू. या प्रकाराला आजचं रूप दिलं अमेरिकेतल्या रॉजर टोरी पीटरसन यांनी. १९३४ साली त्यांनी पक्ष्यांचं एक पुस्तक काढलं. त्यात सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर शेजारी शेजारी काढले आणि फरक जिथे आहे तिथे बाण दाखवला. कल्पना एवढीच, पण पक्षी हातात न धरता, लांबून ओळखता येऊ लागला. पुढे त्याच मालिकेत ओलाउस म्यूरी यांचं फक्त प्राण्यांच्या ठशांवरचं आणि खुणांवरचं पुस्तक आलं, १९५४ साली.

आपल्याकडे हे काम प्रामुख्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलं. ही संस्था १८८३ सालची. तिचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांचं भारतीय प्राण्यांवरचं पुस्तक १९४८ साली निघालं आणि दोन-तीन पिढ्या त्यावर शिकल्या. अलीकडचं, पिशवीत मावणारं पुस्तक म्हणजे विवेक मेनन यांचं भारतीय सस्तन प्राण्यांचं फील्ड गाइड, २०१४ सालचं. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण चित्रं आणि नकाशे पाहायला फार इंग्रजी लागत नाही.

भारतात सस्तन प्राण्यांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. घाबरू नका. त्यातल्या निम्म्याहून जास्त वटवाघळं आणि उंदीर-खारींच्या वर्गातल्या आहेत, आणि त्या ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. आपल्या शिवारात माणसाच्या नजरेला पडतील असे प्राणी पंधरा-वीसच. तेवढे नीट आले तरी पुष्कळ झालं.

आधी वही, मग पुस्तक

बहुतेक जण काय करतात? प्राणी दिसला की पुस्तक उघडतात आणि चित्रं चाळतात. चित्रं चाळता चाळता डोळ्यांनी पाहिलेलं पुसलं जातं आणि पुस्तकातलं डोळ्यांत बसतं. मग ज्याचं चित्र देखणं, तोच दिसला असं वाटायला लागतं. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी पाहायचं, मग लिहायचं, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी.

लिहायचं काय? सहा गोष्टी. मुलांनो, बोटांवर मोजा.

पहिली, आकार. "मोठा होता" असं लिहायचं नाही. अंधारात आणि भीतीत सगळंच मोठं दिसतं. ओळखीच्या जनावराशी तुलना करा: मांजराएवढा, गावठी कुत्र्याएवढा, शेळीएवढा, वासराएवढा. बांधाजवळ उभा असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन बांध मोजा.

दुसरी, अंगाची ठेवण. पाठ सरळ की उतरती? पाय लांब की आखूड? मान कशी?

तिसरी, शेपटी. पळत्या प्राण्याची शेवटी दिसते ती शेपटी. किती लांब, झुपकेदार की बारीक, वळी आहेत का, टोक कुठल्या रंगाचं, वर उचललेली की खाली.

चौथी, अंगावरच्या खुणा. पट्टे, ठिपके, तोंडावरची रेघ, कानाचं टोक.

पाचवी, जागा आणि वेळ. ऊस, माळ, ओढा की घराचं छप्पर? दिवस की रात्र?

सहावी, तो काय करत होता. एकटा की टोळीने, चालण्याची ढब, आवाज.

आता फोटोबद्दल. जवळ जाऊ नका आणि पाठलाग करू नका. ठशाचा फोटो घेताना शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवा, म्हणजे माप कळतं. नुसत्या ठशाच्या फोटोवरून मांजर की बिबट्या हे सांगता येत नाही.

नकाशा वाचायचा कसा

चांगल्या ओळखपुस्तकात प्रत्येक प्राण्याशेजारी छोटा नकाशा असतो. चित्राच्या आधी तो पाहा. जो प्राणी फक्त हिमालयात राहतो, तो नळदुर्गच्या नाल्यात दिसणार नाही. नकाशाने निम्मी पानं आपोआप बाद होतात.

पण नकाशा म्हणजे सातबारा नव्हे, की नोंद नाही म्हणजे हक्कच नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. येडशी-रामलिंग घाटाचं अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. वाघ कुठल्याही पुस्तकाच्या नकाशात धाराशिवला दाखवलेला नाही. मग तो आला कुठून, हे कसं कळलं? पट्ट्यांवरून. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. फोटो जुन्या नोंदींशी ताडून पाहिले तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. चार-पाचशे किलोमीटरची वाट तुडवून तो आला होता.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. अनपेक्षित प्राणी येऊ शकतो. आणि तो आला असं म्हणायचं तर पुरावा तेवढाच पक्का लागतो. येडशीला वाघ आला म्हणून आपल्या उसातली प्रत्येक सळसळ वाघाची होत नाही.

गोंधळाच्या जोड्या

आता आपल्याकडे नेहमी चुकतात त्या जोड्या पाहू.

पहिला गोंधळ भाषेचाच आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलांना "कोल्ह्याला द्राक्षे आंबट" ही गोष्ट फॉक्सची म्हणून शिकवतात. पण आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे आपली खोकड. इंग्रजी ओळखपुस्तकात कोल्हा शोधायला फॉक्सचं पान काढलंत तर पहिल्याच पावलाला वाट चुकलीत. खोकड अगदी लहान, मांजरापेक्षा थोडी मोठी, वजन दोन-तीन किलो, पाय नाजूक, शेपटी अंगाच्या मानाने लांब आणि झुपकेदार, तिचं टोक काळं. कोल्हा तिच्या तिप्पट-चौपट वजनाचा, शेपटी आखूड. लांडगा त्याहून मोठा, वीस किलोच्या आसपास, उंच पायांचा, अरुंद छातीचा. शेपटीचं टोक तिघांचंही गडद असू शकतं, म्हणून एकाच खुणेवर कधी थांबू नका. किमान तीन खुणा जुळल्या पाहिजेत.

लांडगा आणि गावठी कुत्रा यांत शेपटी पाहा. कुत्र्याची बहुधा वर वळलेली, लांडग्याची खाली लोंबती. लांडग्याचे डोळे पिवळसर. तरीही कधी कधी पुस्तक हात टेकतं. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. अशा प्राण्याला पुस्तकात पान नाही.

तरसाला लोक बिबट्या म्हणतात, लांडगा म्हणतात, आणखी काय काय म्हणतात. खरं तर त्याला ओळखणं सगळ्यात सोपं. पुढचे पाय उंच, मागचे बुटके, त्यामुळे पाठ उतरती. मानेवर आयाळ, अंगावर उभे पट्टे, कान टोकदार. चाल लंगडल्यासारखी. बिबट्याची पाठ सरळ, कान गोल आणि अंगावर पोकळ ठिपके, फुलाच्या पाकळ्या गोल मांडाव्यात तसे. तरस मुख्यतः मेलेली जनावरं खातं, हाडंसुद्धा फोडतं. म्हणून त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते.

"मांजर" या शब्दानेही फसायला होतं. खवले मांजर हे मांजर नाही. पाणमांजर नाही, उदमांजरही नाही. खरी मांजरं म्हणजे रानमांजर आणि वाघाटी. रानमांजर वाळूच्या रंगाचं, लांब पायांचं, कानाच्या टोकाला काळे केस, शेपटी आखूड आणि टोकाकडे वळी. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, वजन दीड किलोच्या आत-बाहेर, कपाळावर पांढऱ्या रेघा, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी. उदमांजर मात्र रात्री छपरावर दुडुदुडु पळतं आणि घरातल्या माणसांना भुताचा भास होतो. तोंडावर काळा बुरखा घातल्यासारखा रंग आणि लांब, वळी नसलेली शेपटी दिसली की समजा, भूत नाही, उदमांजर आहे.

शेतकरी बांधव काळवीट आणि चिंकारा दोघांनाही "हरण" म्हणतात. काळविटाच्या नराची शिंगं पिळदार, मादीला बहुधा शिंगं नसतात. चिंकाऱ्यात नर-मादी दोघांनाही शिंगं, मादीची बारीक. चिंकाऱ्याची काळी शेपटी सतत हलत असते. काळवीट पाहायचे असतील तर सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य फार लांब नाही. ते माळढोकासाठी राखलेलं, पण त्या गवताळ माळाचा फायदा काळविटांना आणि लांडग्यांनाही झाला.

आणि ज्यांना शिवारात जायला जमत नाही, त्यांनी वॉचमनच्या खोलीमागच्या कडुनिंबापासून सुरुवात करावी. खारीच्या पाठीवरचे फिके पट्टे मोजा. तीन की पाच? आपल्याकडे तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची, अशा दोन जाती दख्खनवर सापडतात. मुंगूस दिसलं तर शेपटीचं टोक पाहा. साध्या मुंगसाचं टोक फिकं. टोक काळं आणि वर उचललेलं असेल तर ते दुसऱ्या जातीचं, तांबूस मुंगूस. आणि स्वयंपाकघरात आलेली चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे. लांब निमुळतं तोंड आणि उग्र वास ही तिची ओळख. ती मुख्यतः किडे खाते, तिला झाडू मारायची घाई करू नका.

प्राणी न दिसता ओळखणं

जंगली प्राणी क्वचित दिसतात, खुणा मात्र रोज दिसतात. ओल्या मातीत ठसा पाहा. कुत्र्याच्या कुळात, म्हणजे लांडगा, कोल्हा, खोकड यांच्या ठशात पुढे नखं उमटतात. मांजराच्या कुळात नखं आत ओढलेली, म्हणून ठसा गोलसर आणि नखांविना. बिबट्याच्या ठशात गादीची मागची कड तीन भागांत विभागलेली दिसते. तरसाच्या ठशात नखं असतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा. मोठ्या कुत्र्याचा आणि लांडग्याचा ठसा मात्र एकट्या ठशावरून वेगळा सांगता येत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केलेलं बरं.

रान नांगरल्यासारखं उकरलेलं असेल तर रानडुक्कर. एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग असेल तर बहुधा नीलगाय. काटा पडलेला असेल तर साळिंदर, मग आणखी काही विचारायचंच नाही.

या खुणा आपल्या मेंढपाळांना, गुराख्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय येतात. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली उभं आयुष्य वन खात्यात राहिले आणि रानातल्या माणसांकडून प्राण्यांची, पक्ष्यांची, झाडांची नावं टिपत गेले. त्यांच्यामुळे मराठीत किती शब्द जिवंत राहिले. आपणही तेच करावं. ओळखपुस्तकात चित्र दाखवून शेजारच्या वस्तीवरच्या आजोबांना विचारा, "याला तुम्ही काय म्हणता?" पुस्तकाच्या समासात ते नाव पेन्सिलीने लिहा. आपल्या भागाचं ओळखपुस्तक असंच तयार होईल.

ओळख चुकली तर काय होतं

आता सुरुवातीला राखून ठेवलेला मुद्दा. ओळखीला किंमत आहे, ती तीन ठिकाणी मोजता येते.

एक, भरपाई. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा अशा वन्यप्राण्याने जनावर मारलं तर वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे. मोकाट कुत्र्यांनी मारलं तर त्या तरतुदीत बसत नाही. म्हणजे शेळी कुणी मारली यावर एका कुटुंबाची काही महिन्यांची कमाई ठरते. म्हणून मेलेलं जनावर हलवू नका, आसपासचे ठसे तुडवू नका, मापासकट फोटो घ्या आणि वेळ न घालवता वन विभागाला कळवा. चांगल्या पंचनाम्याची अर्धी तयारी तिथेच होते.

दोन, पिल्लं. ऊसतोडीच्या वेळी फडात मांजरासारखी पिल्लं सापडतात. ती बिबट्याची असतील, रानमांजराची असतील, वाघाटीची असतील. पाहणारा "बिबट्या" म्हणतो, कुणीतरी उचलून घरी आणतं, सेल्फी होतात. पिल्लू कुणाचंही असो, आई जवळच असते आणि रात्री परत येते. जुन्नर भागात वन विभाग आणि प्राणिमित्र अशी पिल्लं सापडल्या जागी पेटीत ठेवून आईची वाट पाहतात, आणि पुष्कळदा आई येऊन घेऊन जाते. तेव्हा हात लावू नका, तेवढा फड तोडायचा थांबवा आणि वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ लावा.

तीन, त्या प्राण्याचं आयुष्य. लांडग्यांबद्दल २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशभरातली संख्या तीन हजारांच्या थोडी वर सांगितली आहे. वाघांचा त्याच वर्षीचा अंदाजही साडेतीन हजारांच्या थोडा वरचा. म्हणजे ज्या वाघासाठी आपण सफारीचे पैसे भरतो, त्याच्याइतकाच दुर्मीळ प्राणी आपल्या माळावर फिरतो, आणि आपण त्याला भटकं कुत्रं म्हणतो किंवा बिबट्या समजून दगड मारतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला वाघाच्याच बरोबरीचं संरक्षण दिलं आहे. पण रात्रीच्या अंधारात कायदा तिथे नसतो. तिथे आपण असतो आणि आपल्या हातातला फोन असतो.

म्हणून ग्रुपवर काही टाकण्याआधी चार प्रश्न: फोटो कुणी काढला? कधी? कुठे? तीन खुणा जुळतात का? उत्तर नसेल तर "काहीतरी दिसलं, ओळख पटली नाही" एवढंच लिहावं. यात कमीपणा नाही. चांगल्या संशोधकाच्या वहीतही "ओळख पटली नाही" असे शेरे भरपूर सापडतात. खोटं नाव लिहिण्यापेक्षा ती रिकामी जागा जास्त उपयोगी असते.

शेवटी एक सूचना. रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटी बाक, झाडं, दिवे घेणार आहे. त्यातच एक ओळखपुस्तक घ्यावं आणि कार्यालयात एक जाड वही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, कुणी पाहिलं, एवढेच रकाने. खारीची नोंदही चालेल. देखभाल शुल्काची पावती घ्यायला आलेल्या माणसाने एक ओळ लिहून जावी. नान्नजला काय आहे, येडशीला काय आहे हे कागदावर आहे. नळदुर्गच्या या कोपऱ्यात काय आहे याची कुठेच नोंद नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत इथला माळ किती उरेल, मला सांगता येणार नाही. पण सुवर्णमहोत्सवात आत्ता सतरंजीवर बसलेली ही मुलं या मंचावर असतील, तेव्हा त्यांच्या हातात ही वही असावी.

वही मी आणली आहे. कार्यक्रमानंतर सचिवांकडे देते. पहिली ओळ कुणी लिहायची ते तुम्ही ठरवा.